नोर्बूचा होकार

"आचो, या खेपेला छांग परत आली तर मला तोंड दाखवू नकोस," असं धाकट्या बहिणीनं थोरल्या भावाला, आंगचुकमामाला बजावलं होतं. घरी चुलीशी बसून उंटावरून शेळ्या हाकायला तिचं काय जातंय! भाच्यासाठी मुलगी मागायला मामानंच जायचं, ही हुंडर गावची रीत. मुलीकडच्यांनी छांग, म्हणजे मामानं नेलेली जवाची घरगुती दारू, प्यायली की सोयरीक पक्की. भांडं भरलेलं परत आलं की नकार. मामाचं दोनदा परत आलं होतं. आता तिसरी आणि शेवटची खेप, आणि भाच्यानं तर जेवणच टाकलं होतं.

मुलीचं घर शंभर पावलांवर आलं आणि वाळूच्या टेकाडाआडून नोर्बू उंट समोर ठाकला. थंडीत माजावर आलेला नर, दोन्ही वशिंडं ताठ, तोंडाला फेस. मुलीच्या बापाचा, ग्यात्सोचा लाडका! लोसरच्या, नव्या वर्षाच्या सणाला घरातला थोरला म्हणून पहिला घास यालाच मिळायचा.

पळालं तर तुडवणार. मामा एकेक पाऊल मागं सरकला तो थेट काटेरी झुडपात रुतला. उंट पुढं आला आणि फेसाळलेलं तोंड त्याच्या छातीशी आणलं. मामानं भांडं खाली ठेवलं, "घे बाबा, पण जीव सोड!"

नोर्बूनं भांड्याच्या काठाला शुभ म्हणून लावलेलं लोणी चाटलं, मग सगळी छांग घटाघटा प्यायली. वर सोयऱ्यांच्या गळ्यात मानानं घालायला आणलेला पांढरा रेशमी खतकही चघळला.

"मेलो रे!" मामानं कपाळ धरलं. एवढ्यात ग्यात्सो धावत आला. त्याच्यामागं त्याची बायको यांगस्कित.

रिकामं भांडं पाहून ग्यात्सो खूश झाला. "छांगच नाही, तर कसली मागणी? जा, मामा, घरी जा."

मामाला रडू फुटायचं बाकी होतं.

"थांबा हो," यांगस्कित म्हणाली. "छांग आपल्याच घरात गेली ना?"

"उंटाच्या पोटात गेली!"

"लोसरला पहिला घास कोणाला देता? आणि का?"

"नोर्बूला. घरातला थोरला म्हणून," ग्यात्सो बोलून गेला. "मग थोरल्यानंच छांग प्यायली की!" बायको शालीत तोंड लपवून हसत होती. पोरीला हे स्थळ पसंत आहे, हे तिला पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं.

"या, सोयरे," ती मामाला म्हणाली. "चहा घ्या, मग काटे काढू."

ग्यात्सो मात्र भांडं चाटणाऱ्या नोर्बूकडे बघतच राहिला.

"गाढवा," तो कळवळून म्हणाला, "एकदा मला तरी विचारायचंस!"