कॅरिअर नसलेली सायकल

सायकल निवडायला मला एक तास पुरेल, असं मी घरात जाहीर करून टाकलं. जाड टायरची डोंगरी सायकल की पातळ टायरची रोड सायकल, एवढाच तर प्रश्न! एकतीस वर्षं तहसील कचेरीत फायली निकालात काढलेल्या माणसाला दोन सायकलींतली एक निवडता येऊ नये?

खरं म्हणजे मला सायकलपेक्षा तिची मागची जागा हवी होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी यशोदाला हिंगणघाटहून वडनेरला, तिच्या माहेरी नेलं होतं ते सायकलवर, डबलसीट. काळी सायकल, मागे कॅरिअर, कॅरिअरवर यशोदा, तिच्या मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. सगळा रस्ता ती बोलत होती, हसत होती. या संक्रांतीला त्या फेरीला चाळीस वर्षं होत होती. तिला तशीच मागे बसवून पुन्हा एकदा वडनेरला न्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकान देवेंद्रचं. यशोदा शाळेत शिकवायची आणि तो चौथीत तिचा विद्यार्थी होता, त्यामुळे तिला पाहताच स्टुलावरून उठून उभा राहिला.

"काका, हे रोड सायकल पाहा. फक्त नऊ किलो!"

मी ती एका हातानं उचलली. पापडासारखी हलकी! यशोदानं मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागचं चाक निरखलं आणि विचारलं, "अन् मी कुठी बसू?"

देवेंद्रला प्रश्नच कळेना. "बाई, याले कॅरिअर नाई लागत. एकट्याची सायकल आहे हे."

"स्टँड?"

"नाई."

"मडगार्ड? घंटी?"

"नाई, बाई."

"मंग तू विकून काय राह्यला रे? नुसते दोन चाकं?"

पाढा चुकल्यासारखी त्यानं मान खाली घातली आणि डोंगरी सायकल बाहेर काढली. तिलाही कॅरिअर नव्हतं. पण बाईंचा चेहरा पाहून त्यानं आतून दूधवाल्याच्या सायकलीचं जुनं लोखंडी कॅरिअर आणलं आणि पान्यानं आवळून बसवलं.

यशोदा बसली. मागचा शॉकअप असा काही दबला की पुढचं चाक आभाळाकडे पाहू लागलं! प्रत्येक पायडलला आम्ही दोघं पाळण्यातल्यासारखे वर-खाली. शंभर मीटरवर माझ्या छातीचा भाता झाला.

"थांबा," ती उतरली. "तुमच्यानं हे होत नाई. तुम्ही ते पापडाची घ्या, मी हे घेते."

अठरा वर्षं ती शाळेत सायकलनंच जात-येत होती, हे मी साफ विसरलो होतो.

"दोन्ही संध्याकाळपर्यंत चालवून पाहा न, बाई," देवेंद्र म्हणाला.

हायवेवर ट्रकांची वर्दळ, म्हणून आम्ही आतल्या रस्त्यानं वडनेरला निघालो. डबलसीटचा बेत फसला होता, निदान वेग तरी दाखवावा! डांबरावर रोड सायकल अशी सुटली की यशोदा मागे ठिपक्याएवढी झाली. वडनेर दीड किलोमीटरवर आलं तशी डावीकडे पांदण दिसली. शेतांमधून जाणारी तीच जुनी वाट! मी थांबून यशोदाला गाठू दिलं.

"आपण इथूनच गेलतो! आठवते?"

"अहो, काटे असतीन."

"वाट पाठ आहे मले!"

वाट तीच होती. कुंपण नवं होतं. कुणीतरी कालच बाभळीच्या फांद्या तोडून धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लावल्या होत्या आणि काटे वाटभर सांडले होते. आधी पुढचं चाक फुस्स, मग मागचं. यशोदाची जाड टायरं त्याच काट्यांवरून रोडरोलरसारखी आली.

"बसा," ती म्हणाली.

"अन् ही सायकल? देवेंद्रची आहे!"

"नऊच किलो आहे न? घ्या खांद्यावर."

सायकल घेऊन चालत्या सायकलवर उडी मारायला मी सर्कशीत नव्हतो. तिसऱ्या प्रयत्नात तर मी मागेच राहिलो आणि ती वीस पावलं माझ्याशी गप्पा मारत एकटीच गेली! शेवटी तिनं दोन्ही पाय टेकवले, तेव्हा कुठे बसलो.

वडनेरात आमचा प्रवेश असा झाला: पुढे घामाघूम यशोदा, मागे आडवा बसलेला मी, माझ्या खांद्यावर आणखी एक सायकल. चौकातल्या चहावाल्याची किटली कपावरच थांबली, चहा बशीतून खाली गेला.

मेहुणे लक्ष्मणराव फाटकातच उभे होते. "यशोदे, नवऱ्याले सांभाळजो म्हटलं होतं मी. एवढं सांभाळजो नवतं म्हटलं!"

त्यांच्या बायकोनं, विमलावहिनींनी, खुर्ची पुढे केली. "बसा न, जवाईबापू."

"नको, उभाच बरा आहे."

दीड किलोमीटरमध्ये त्या कॅरिअरची प्रत्येक सळई मला ओळखीची झाली होती. मी यशोदाला हळूच विचारलं, "तेव्हा तू सोळा किलोमीटर अशी बसली होती?"

"हो."

"पण चढ आला की तू हसत खाली उतरायची. मले वाटे, माझी दया येते तुले!"

"मी चढाचीच वाट पाहत राहायची," ती म्हणाली.

"बोलली काऊन नाई?"

"तुम्ही लई खुश होते." तिनं माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि आत निघून गेली.

संध्याकाळी लक्ष्मणरावांनी दोन्ही सायकली टेम्पोत टाकून देवेंद्रकडे पोचवल्या. कोणती घ्यायची, याचा निकाल अजून लागायचा आहे. आम्ही एसटीनं परतलो. गाडी अर्धी रिकामी होती. यशोदा खिडकीशी बसली आणि बाहेर पाहत सारखी हसत राहिली.

"काका, बसा न! जागाच जागा आहे," कंडक्टर दोनदा म्हणाला.

मी हिंगणघाटपर्यंत उभाच होतो!