वकिलाची शिकवणी

कुत्रा पाळायचा म्हटलं की माणसं काय काय विचार करतात! जात कुठली, केस किती गळतात, घर पुरेल का, बाहेरगावी गेलो तर ठेवायचा कोणाकडे! सगळं बरोबर, विचार करायलाच हवा. पण आपल्या सरांसारखा माणूस असेल, तर त्याने सगळ्यात आधी स्वतःच्या तोंडाचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सर म्हणजे गाडी शिकवणारे सर. सर कधी ओरडत नाहीत. शिकाऊ माणसाने गाडी थेट फाटकावर नेऊन घातली, तरी शांतपणे म्हणणार, "शाब्बास! घाबरायचं नाही. आता फाटक कुठे आहे ते पक्कं कळलं ना तुम्हाला?" ओरडलं की माणूस आणखी गांगरतो आणि ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबतो, हे त्यांचं म्हणणं. आणि खरंच सांगतो, ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले होते, ती माणसंसुद्धा सरांच्या हाताखाली पास झाली!

सरांच्या बायकोचं काम नेमकं उलटं. ती औषधांच्या दुकानात असते. दिवसभर लोक येणार, "डॉक्टरांची चिठ्ठी नाहीये हो, पण द्या ना झोपेच्या गोळ्या," म्हणणार, आणि ती म्हणणार, "नाही." एकदाच. आवाज न चढवता. समोर पैलवान का असेना, मुकाट्याने दुकानाची पायरी उतरतो.

तर लेक नोकरीसाठी दूर गेली आणि सरांना घर खायला उठलं. दिवसभर बोलून घसा बसायचा, आणि संध्याकाळी घरी यावं तर बोलायला कोण? फ्रिज! बायको दुकानातून यायची उशिरा, दमून. सरांना कुत्रा हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

"आणि त्याला वळण कोण लावणार?" बायकोने विचारलं.

"अगं, मी! डावं-उजवं न कळणारी माणसं मी हमरस्त्याला लावली! कुत्रा म्हणजे किस झाड की पत्ती!"

"बरं. ताई प्रवासाला निघाल्यात. त्या येईपर्यंत त्यांचा वकील सांभाळून दाखवा. शेजाऱ्यांची एक जरी तक्रार आली, तर या घरात पुन्हा कुत्र्याचं नाव काढायचं नाही."

वकील हा सरांच्या थोरल्या बहिणीचा कुत्रा. अंगभर काळाकुळकुळीत आणि छातीवर तेवढा पांढरा पट्टा, म्हणून वकील. ताई त्याला सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "फार हुशार आहे रे हा. एकदा शिकला की विसरत नाही. तेव्हा जरा जपून."

सरांनी 'हुशार' एवढंच ऐकलं. "या वकील, या! घर आपलंच समजा," म्हणाले. शिकणाऱ्याला अहो-जाहो करायची त्यांची सवय, मग तो चार पायांचा का असेना!

पहिल्याच संध्याकाळी वकिलाने दारातून बायकोची डाव्या पायाची चप्पल उचलून आणली. दात चांगले खोल रुतवले होते. सर दचकले. त्यांचा पाय सवयीने फरशीवर ब्रेक शोधायला लागला, आणि तोंडातून सवयीनेच निघालं, "शाब्बास! घाबरायचं नाही!" वर एक बिस्कीटही दिलं.

वकिलाने कान टवकारले. अस्सं आहे होय! तो लगेच जाऊन उजवी चप्पल घेऊन आला. पण तेवढ्यात सरांना फोन आला. कोणाची तरी गाडी दोन गाड्यांच्या मध्ये अडकली होती, आणि सर "शाब्बास, आता स्टिअरिंग पूर्ण फिरवा," म्हणून खिडकीकडे तोंड करून समजावत होते. वकिलाकडे कोणी बघितलंच नाही. बिस्कीट नाही, काही नाही. वकिलाने उजवी चप्पल तिथेच टाकली आणि मनाशी पक्कं केलं. डावी चालते, उजवी नाही.

काय बुद्धी बघा! आमच्या ओळखीत शिकली-सवरलेली माणसं आहेत, त्यांना एवढ्यावरून एवढं कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सर वकिलाला फिरवून आणत होते. जिन्यात साखळी काढली, बिचाऱ्याला जरा मोकळं वाटावं म्हणून. सर कुलूप उघडून चहा ठेवतात न ठेवतात, तोच वकील कोणाच्या तरी दाराबाहेरचा एक काळा चकचकीत बूट घेऊन हजर! डावा.

"अहो, हे काय! शाब्बास, शाब्बास... म्हणजे, परत ठेवून या!"

'शाब्बास' कळलं. पुढचं कळलं नाही. वकील गेला आणि सँडल घेऊन आला. मग रबरी चप्पल. मग एक मळका खेळाचा बूट. प्रत्येक वेळी सर हबकत होते आणि हबकले की त्यांच्या तोंडून दुसरं काही येतच नव्हतं. दिवाणखान्यात ढीग झाला. सर डोक्याला हात लावून बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना गहिवरून आलं. "सगळे डावे!" ते पुटपुटले. "एक चुकला नाही! असा विद्यार्थी मला जन्मात मिळाला नव्हता!"

आणि बेल वाजली.

दारात समोरचे दातांचे डॉक्टर, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई, जिन्याचा कठडा धरून एका पायावर. त्यांच्यामागे अख्खी इमारत लंगडी घालत उभी!

"सर, माझा पेशंट तोंड उघडून बसलाय!" डॉक्टर कडाडले. "हा काय प्रकार आहे?"

"शाब्बा... नाही, म्हणजे, माफ करा हो!"

नेमकी तेव्हाच बायको दुकानातून आली. आज कधी नव्हे ती लवकर सुटली होती! तिने पाय बघितले, ढीग बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. सरांनी ओळखलं. संपलं! कुत्रा गेला!

सरांनी शेवटचा प्रयत्न केला. डॉक्टरांचा पाय दाखवून म्हणाले, "वकील, घाबरायचं नाही. हा वास घ्या आणि गाडी रिव्हर्स घ्या!"

वकिलाने मोजा हुंगला. ढिगात नाक खुपसलं. काळा बूट बरोब्बर उचलला आणि डॉक्टरांच्या पायाशी ठेवला! मग बाईंची सँडल. मग ज्याची त्याला, ज्याची त्याला, एकाचीही अदलाबदल नाही! भांडायला आलेली माणसं टाळ्या पिटायला लागली. "वा, वकीलसाहेब!" डॉक्टर ओरडले. "शाब्बास!" बाई गायल्या. साऱ्या जिन्यातून शाब्बास, शाब्बास!

झालं! एवढी शाबासकी! वकिलाने लगेच डॉक्टरांनी नुकताच पायात घातलेला डावा बूट ओढायला घेतला.

"नाही," बायको म्हणाली.

एकदाच. आवाज न चढवता. वकिलाने बूट सोडला आणि जिथे होता तिथे बूड टेकलं. टाळ्याही थांबल्या. डॉक्टरांनी तर हातसुद्धा खाली घेतले.

रात्री जेवताना सर खालमानेने म्हणाले, "तक्रार आली. बरोबर आहे तुझं."

बायको वकिलाकडे बघत होती. "कुत्र्यात काही खोट नाही हो. किती गुणी जीव आहे! खोट तुमच्यात आहे. तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी पिल्लू आणू."

मग सुरू झाली सरांची शिकवणी! आरशासमोर उभे राहून सराव करायचे. "ना... नाही, पण प्रयत्न छान होता!" पुन्हा. "नाही हं, राजा!" पुन्हा. वकिलासमोर म्हणायचे तर वकील शेपटी हलवायचा. भाजीवाल्याने जास्तीची भाजी गळ्यात मारली, तीही घेऊन आले. बायको बघायची आणि मान हलवायची. पण संध्याकाळी ती दारात आली की आतून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या. सर बोलत असायचे आणि वकील मान वाकडी करून ऐकत असायचा. ती तशीच थोडा वेळ बाहेर उभी राहायची.

आणि ताई परत आल्या. वकील नाचला, लोळला, त्यांचं तोंड चाटलं. ताईंनी त्याच्या गळ्यात साखळी अडकवली. "चल रे सोन्या, घरी." मग भावाला म्हणाल्या, "काय रे, त्रास नाही ना दिला? नेऊ ना याला?"

सरांनी वकिलाकडे बघितलं. वकिलाने सरांकडे बघितलं.

"नाही!"

केवढा खणखणीत! सर स्वतःच दचकले. समोर डॉक्टरांचं दार उघडलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "आलं हो, आलं! उद्याच पिल्लू बघायला जाऊ!"

"अरे, पण कुत्रा माझा आहे!" ताई म्हणाल्या. "चल रे वकील!"

पण वकील हलेना. त्याने 'नाही' ऐकलं होतं आणि दारातच बूड टेकलं होतं. ताईंनी ओढलं, बायकोने चुचकारलं, डॉक्टरांनी बिस्कीट दाखवलं. एकदा शिकला की विसरत नाही!

"अरे, बघतोस काय? उठव त्याला!" ताई घामाघूम होऊन ओरडल्या.

सर ओशाळून डोकं खाजवायला लागले. "अगं ताई, तो धडा अजून यायचाय!"