ओव्हाळ सर वाक्य तपासतात

"माझी सासू माझ्याशी बोलत नाही."

हे वाक्य फळ्यावर इंग्रजीत होतं आणि ओव्हाळ सरांनी ते दहा-बारा बायकांसमोर मराठीत वाचून दाखवलं. लिहिलं होतं माझ्या सुनेनं, वैशालीनं. सासू म्हणजे मी. वर्ग शेजारच्या बिल्डिंगीच्या पार्किंगमध्ये भरतो आणि मी तिथंच, तोंडाशी उभी होते. घराची किल्ली वैशालीच्या पिशवीत राहिली होती. फोन करायचा तर बोलावं लागलं असतं, म्हणून चालत आले होते.

मला बघून सगळ्या गप्प झाल्या तेव्हा मीच विचारलं होतं, काय लिहिलंय. दुसऱ्या कुणी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. सरांनी वाचलं.

"खोटं हाय," मी म्हणाले. "मी काय मुकी हाय का?"

सरांनी फळा पुसला नाही. खिशातली स्टीलची पट्टी काढून ते वाक्याशेजारी उभे राहिले. "हरकत आली आहे. तपासू. आक्का, काल सुनेला काय म्हणालात?"

"दुधावर झाकण ठेव म्हणलं."

"तिच्याकडे बघून?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "मांजराकडं बघून."

"मग मांजराशी बोललात." सरांनी वाक्याखाली बरोबरची खूण केली. "वाक्य पास."

गॅरेजवाल्यांची शबनम ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मी किल्ली घेतली आणि घरी आले. लेकी बोले सुने लागे म्हणतात. मला लेक नाही, म्हणून मांजर. मुलगा गुजरातच्या प्लांटला असतो. घरात आम्ही दोघीच. वैशालीनं मला न विचारता चाकणच्या कंपनीत नोकरी धरली आणि एका सकाळी थेट युनिफॉर्म घालून समोर आली. त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. चार महिने झाले होते.

आता या ओव्हाळ सरांविषयी सांगते. पिंपळे गुरवात आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत ते गच्चीवरच्या खोलीत राहतात. शाळेतले मास्तर ते कधीच नव्हते. सगळी नोकरी कंपनीत सुटे भाग तपासण्यात गेली. माल हातात घ्यायचा, मापायचा, पास करायचा नाहीतर बाजूला टाकायचा. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवायला लागले. पैसे घेत नाहीत. चहासुद्धा घेत नाहीत.

वाक्याला त्यांच्या तीन तपासण्या असतात. कर्ता आहे का, क्रियापद आहे का, आणि खरं आहे का. पहिल्या दोन जगात सगळीकडे असतील. तिसरी सरांची स्वतःची. पुस्तकात राम आंबा खातो, तर सर विचारतात, कोण राम, तुम्ही बघितला का खाताना? एका बाईनं लिहिलं, मी मजेत आहे. "कशावरून?" सरांनी विचारलं. ती विचार करत बसली आणि मग रडायलाच लागली. शबनमनं लिहिलं, रस्त्यावर गाय आहे. सगळा वर्ग उठून रस्त्यावर गेला. बैल निघाला. वाक्य रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला परत.

"न बघता पास करायचं नाही," हे त्यांचं पालुपद. बायका त्यांना मागं हसतात, पण वर्ग चुकवत नाहीत.

वैशालीची सोमवारी मुलाखत होती. त्याच कंपनीत लाइन लीडरची, म्हणजे लाइनवरच्या कामगारांच्या मुकादमाची जागा. साहेबासमोर पाच मिनिटं इंग्रजीत स्वतःविषयी बोलायचं. बाकी वाक्यं झाली होती, घराविषयीचं अडलं होतं. शबनमनं सुचवलं, लिही की सासू मला मदत करते, साहेब काय बघायला येतोय? सर म्हणाले, मी बघायला बसलोय. त्यामुळे मुलाखत तोंडावर आली तरी घराविषयी तेवढं एकच पास झालेलं वाक्य होतं, माझ्या अबोल्याचं. ते साहेबाला कसं सांगणार? न सांगावं तर घराचं विचारल्यावर अडखळणार, आणि जागा जाणार. हे मला शबनमनं भाजीवाल्यापाशी गाठून ऐकवलं.

रविवारी सकाळी मी सरांशी भांडायला गच्चीवर गेले. माझ्या घरची धुणी पार्किंगमध्ये का धुता, हे विचारायचं होतं. ते विचारलंही. सरांनी खुर्ची दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं. माझं सगळं बोलून झालं तेव्हा समोर भिंतीवर कॅलेंडर दिसलं. प्रत्येक तारखेखाली बारीक इंग्रजी ओळ. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. पण सारखं काय आणि वेगळं काय ते डोळ्यांना कळतं. लाल तारखांखाली सगळीकडे एकच ओळ होती.

"हे काय लिवलंय?"

"रोजचं एक वाक्य. सवय राहावी म्हणून."

"लाल तारखेला एकच का?"

सरांनी माझं वाक्य वाचलं होतं त्याच आवाजात हेही वाचलं. "आज मी कुणाशी बोललो नाही." मग म्हणाले, रविवारी वर्ग नसतो.

मी आजची तारीख शोधली. तिथेही तीच ओळ होती.

"हे खोटं हाय," मी म्हणाले. "आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?"

सर उठून कॅलेंडरापाशी गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सकाळीच लिहून ठेवतो," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काही बदलत नाही."

"म्हंजी न तपासताच."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि पट्टी धरून ओळ खोडली, सरळ. नंतर स्टोव्हकडे गेले आणि साखर किती, असं विचारलं. कप दोन होते. दुसरा विसळावा लागला, त्यावर धूळ बसली होती.

घरी आले तेव्हा वैशाली ओट्यापाशी होती. मांजर पायात घोटाळत होतं. मी त्याला बाहेर काढलं.

"वैशाली, उद्या किती वाजता निघायचंय?"

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "सहाची बस आहे, आई."

"डबा मी करते. तू तुझं पाठ कर."

सोमवारी साहेबानं विचारलं, घरी कोण असतं. ती म्हणाली, सासू असते, आज डबा तिनं केला. एवढंच म्हणाली. जागा मिळाली.

आता रविवारी मी तासभर गच्चीवर जाऊन बसते. सर फार बोलत नाहीत. मी बोलते.

आजूबाजूच्या बायका अजून विचारतात, तुमच्या दोघींचा अबोला कसा मिटला? दोघींचा नव्हता. अबोला माझा होता. चार महिने तो सोसला वैशालीनं.