एस्तुपेंदो : उच्चार व उपयोग

लिफ्टचे ब्रेक बनवणारी ती कंपनी परदेशी मालकांच्या ताब्यात गेली, तेव्हा आता निदान चहाचे कप तरी बदलतील, अशी कर्मचाऱ्यांना आशा होती. कप बदलले नाहीत. विशेषण बदललं.

नवे मालक स्पॅनिश बोलणारे होते. त्यांच्या पाहणीत असं आढळलं की इथले लोक चांगल्या गोष्टीला 'बरी आहे' म्हणतात, फार चांगल्या गोष्टीला 'ठीक आहे' म्हणतात आणि अप्रतिम गोष्ट दिसली की नुसतं 'हं' करतात. उत्साहाची ही गळती थांबवण्यासाठी परिपत्रक निघालं. यापुढे पसंती दर्शवताना 'एस्तुपेंदो' हे स्पॅनिश विशेषण वापरावं. अर्थ : झकास. वापर : सक्तीचा. उत्साह : उत्स्फूर्त.

ज्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, त्यांना या शब्दाची परीक्षा द्यावी लागणार होती. चाचणी विभागात अशी एकच व्यक्ती होती : भौतिकशास्त्र शिकलेली एक तरुण तपासनीस. ब्रेकवर भार टाकायचा, तो घसरतो का पाहायचं, कुठे तडा आहे का शोधायचं आणि पास किंवा नापास ठरवायचं, हे तिचं काम. ते तिला उत्तम जमत होतं. अडचण तिथूनच सुरू झाली.

"म्हणा, ही खुर्ची एस्तुपेंदो!" उच्चाराच्या वर्गात पहिल्याच तासाला प्रशिक्षिका म्हणाल्या.

"हिचा एक पाय हलतोय, मॅडम."

"तुम्ही आधी बघता आणि मग बोलता. उत्साह तिथेच मरतो. आधी बोला. बघायचं नंतर, वेळ उरला तर."

शेजारी बसलेले, लेथवर कंत्राटी काम करणारे टर्नरकाका पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाले. "अगं पोरी, सासुरवाडीला मी आयुष्यभर हेच करत आलोय," ते तिच्या कानाशी कुजबुजले. "फक्त तिथे मराठीत करायचो."

पुढे प्रश्न आला की उत्साह मोजायचा कसा. ब्रेक लागताना होणारा आवाज मोजायचं एक यंत्र चाचणी विभागात होतं. ते उचलून वर्गात नेलं. त्यामुळे ब्रेकच्या आवाजाची चाचणी बंद पडली. चाचणी बंद पडल्यामुळे नोंदीत एकही ब्रेक करकरेनासा झाला. ही सुधारणा मुख्यालयाला कळवण्यात आली आणि मुख्यालयाने तिचं योग्य त्या विशेषणाने स्वागत केलं.

मग शिक्के बदलले. 'पास' आणि 'नापास' हे दोन्ही शिक्के जमा करून घेतले आणि एकच नवा दिला : 'एस्तुपेंदो'. नापास ब्रेकवर काय उमटवायचं, असं तपासनिसाने मुख्यालयाला विचारलं. उत्तर आलं, "तुमचा प्रश्न एस्तुपेंदो आहे." खाली सही होती.

"एक शब्द म्हणायला तुझं काय जातं गं?" आई रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली. "लग्नाला गेलीस की समोर येईल तिला 'काय सुंदर दिसतेस' म्हणतेसच ना? तिथे कुठे पट्टी घेऊन मोजत बसतेस?"

"त्या बायकांना धरून कुणी वरून खाली येत नाही, आई."

"नोकरी गेली तर तूही कुठे वर जाणार नाहीस. भाजी घे."

परीक्षा व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. टेबलावर उत्पादनातून सहज उचललेला एक ब्रेक ठेवला होता. आवाजाचं यंत्र सुरू करून प्रशिक्षिका शेजारी बसल्या होत्या. तपासनिसाने सवयीने ब्रेक उजेडाकडे वळवला. खिळीच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखा बारीक तडा गेला होता.

"साहेब, याला तडा आहे."

"असेल," व्यवस्थापक समजूतदारपणे म्हणाले. "पण ही भाषेची परीक्षा आहे. तांत्रिक मुद्दे चाचणी विभागाकडे मांडा."

"चाचणी विभागात मीच आहे."

"मग बाहेर गेल्यावर स्वतःशी बोलून घ्या."

"आणि तोवर हा ब्रेक?"

"तुम्ही म्हणालात की लगेच पॅकिंगला जाईल."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर तुमच्या जागी येणारी म्हणेल. तिचा उच्चार फार सुरेख आहे, असं ऐकतो."

तपासनिसाने या वाक्याचा शास्त्रीय दृष्टीने विचार केला. ती हो म्हणाली तरी ब्रेक जाणार होता, नाही म्हणाली तरी जाणार होता. म्हणजे तिच्या बोलण्याचा ब्रेकवर काहीच परिणाम होत नव्हता. परिणाम होणारी गोष्ट एकच उरली होती, आणि ती म्हणजे तिची नोकरी. तर्कात तिला कुठेही चूक सापडली नाही. तिने ब्रेक खाली ठेवला, डोळे मिटले आणि ती तो शब्द ओरडली.

काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. प्रशिक्षिकेचे डोळे भरून आले. "बघितलं नाहीत ना, म्हणून जमलं!" त्या म्हणाल्या. नोकरी त्याच दिवशी कायम झाली आणि ब्रेक त्याच दिवशी रवाना झाला. कुठे, ते विचारायला ती खाली गेली, तोवर गाडी निघून गेली होती.

हल्ली ती कुठेही गेली तरी जिन्याने जाते. पाहुणी धापा टाकत दारात आली की लोक तिला आधी पाणी देतात आणि मग, ही लिफ्टच्या ब्रेकवाल्यांकडे कामाला आहे हे आठवून, हमखास विचारतात, "आमची लिफ्ट कशी आहे हो?" ती एकच शब्द उच्चारते, अगदी मनापासून. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नसतो. पण शब्द परदेशी आहे एवढं कळतं आणि सगळे निर्धास्त होतात. निघताना तिला दारापर्यंत सोडायला येतात, आग्रहाने लिफ्टचं बटणही दाबतात आणि ती जिन्याकडे वळली की हसून म्हणतात, व्यायामाची आवड दिसते.

तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?