चारच्या कुलपाचे राखणदार

सिद्धूअण्णा रोज चारला पाच कमी असताना उठतात आणि एकेकाच्या टेबलापाशी जाऊन तेच वाक्य बोलतात, "कुलूप दिसलं तर मोडायचं न्हाई. आत कुणीतरी काम करतंय की." बँकेच्या दारावरचा बंदूकवालासुद्धा इतका गंभीर नसतो.

सोलापुरात एका चादरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं पाच जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. सगळ्यांचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेल्या पेट्या, एकाच सर्व्हरवर बनतात आणि एकदा डाउनलोड केलेलं सामान एकाच सामायिक कोठारात, म्हणजे कॅशमध्ये राहतं. एकाचा बिल्ड, म्हणजे पेटीची बांधणी, तिथं शिरला की लॉक फाइल पडते, तेच अण्णांचं कुलूप, आणि दुसऱ्याचा बिल्ड एरर देऊन आडवा होतो. आम्ही शहाणी माणसं ती फाइल सरळ उडवतो. अण्णांच्या लेखी ते महापाप. पाप्याला ते दोन दिवस डब्यातली शेंगाचटणी देत नाहीत. एवढी कडक शिक्षा कोर्टातही होत नसेल.

गेल्या सोमवारी मला पाचच्या आत काम पाठवायचं होतं, नाहीतर गिऱ्हाईक हातचं जाणार. चारला तोच एरर. अण्णा म्हणाले, थांबा थोडं. मी चिडलो. लॉक धरून कोण बसलंय ते आधी शोधून काढलं. नाव निघालं खुद्द अण्णांचं! वा रे राखणदार!

एवढं काय बांधतायत म्हणून उघडून बघितलं, तर एक वेबपान, त्यावर कानडीत दोन-तीन ओळी. तेवढ्या बदलायला हा गृहस्थ रोज अख्खा कंटेनर नव्यानं बांधत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, मुंगी मारायला तोफ कशाला?"

अण्णा खाली बघून सांगू लागले. अक्कलकोटजवळ मैंदर्गीला त्यांची आई, त्यांची अव्वा, असते. भाऊ-भावजय दिवसभर शेतात. म्हातारीला हल्ली काही आठवत नाही. दुपारची झोपून उठली की ती टॅबवर पान बघते, आज वार कुठला, सिद्धू कुठं आहे.

"रविवारच्या पानावर असतं, सिद्धू आज येतो. मागं एका सोमवारी कुलूप मोडलं, माझा बिल्ड फुटला. कालचंच पान राहिलं. अव्वा अंधार पडंपर्यंत एसटी स्टँडवर बसली हुती."

कुणी मोडलं ते अण्णांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या सोमवारनंतर दोन दिवस मला चटणी मिळाली नव्हती.

मी कॅशच्या सेटिंगमध्ये एक शब्द घातला. आता एकाचं होईपर्यंत दुसऱ्याचा बिल्ड गुमान थांबतो, एरर देत नाही. पहिला थांबला तो माझाच. काम पाचला दहा कमी असताना गेलं.

त्याआधी मैंदर्गीला पान पोचलं होतं. अण्णांनी ते मराठीत वाचून दाखवलं: आज सोमवार. सिद्धू कामावर आहे. अव्वा, तू घरीच थांब.