उजवीकडची जागा

सोपानराव असवल्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत देऊळ डाव्या कडेला चिकटलेलं असे. कधी कधी तर अर्धं शिखर चौकटीबाहेर. उरलेल्या फोटोत चिखल. करडा, भेगाळलेला, नजर पोचेल तिथवर पसरलेला चिखल. घोडेगावच्या पेठेत त्यांचा स्टुडिओ होता आणि दर्शनी काचेमागे हे फोटो ओळीने लावलेले होते. नवखं गिऱ्हाईक ते बघून पायरीवरच थबके. ज्याला जागचं न हलणारं देऊळ चौकटीत धरता येत नाही, तो आपल्या पोरीची वरात काय धरणार, अशी शंका येणं साहजिक होतं.

शंका चुकीची होती. लग्नात सोपानराव नवरा-नवरीला बरोबर मधोमध घेत. ओळखपत्राच्या फोटोत दोन्ही कान सारखे. सत्यनारायणाच्या पूजेत केळीचे चारही खांब. फक्त जांभुळखेडचं देऊळ कडेला जाई. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं.

"उजवीकडं जागा सोडायची असती, पावणं. शिका जरा."

मी त्या वेळी पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. माझी खोली स्टुडिओच्या वर होती. बातमीला फोटो लागला की मी जिना उतरत असे. सोपानराव डार्करूममधून ओला प्रिंट झटकत बाहेर येत आणि तो देण्याआधी बातमीची खोड काढत. मग पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पुण्याला जाई.

जांभुळखेड हे त्यांचं गाव. ते धरणात गेलं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं की आधी देवळाचा कळस दिसतो, मग मंडप, मग पायऱ्या, आणि शेवटी घरांची जोती. देऊळ हेमाडपंती, चुन्याशिवाय रचलेलं, त्यामुळे पाण्याने त्याचं फार बिघडलं नाही. देव मात्र आत नाही. गाव उठलं तेव्हा गावकऱ्यांनी तो वर डोंगराच्या उतारावर, नव्या गावठाणात नेला. तिथे त्याला सिमेंटचं देऊळ आहे आणि न्हाणीघरात लावतात तसल्या फरशा आहेत.

नव्या गावठाणातल्या प्रत्येक दारातून धरणाचं पाणी दिसतं. प्यायचं पाणी टँकरने येतं. यावर कोणी हळहळलं की सोपानराव म्हणत, "आमचं पाणी लई लांब जातं, राव. उसाला. आमी आपलं वरनं बघत बसतो, नीट जातंय का न्हाई ते."

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुण्याचे हौशी फोटोग्राफर इकडे येऊ लागले. लेण्याद्री झाली, नाणेघाट झाला, भीमाशंकर झालं, की परतताना हे बुडालेलं देऊळ. वाट चुकवणारी होती, म्हणून ते पेठेत चौकशी करत आणि लोक त्यांना सोपानरावांकडे धाडत. सोपानराव शटर ओढून त्यांच्याबरोबर निघत. सोबत फुकट होती, पण सोबत फुकटचे सल्लेही होते, आणि ते टाळता येत नसत.

पहिला सल्ला चपलांचा. चिखल तुडवत देवळापाशी पोचलं की ते सगळ्यांना बूट काढायला लावत.

"अहो, आत देव तरी आहे का?" एका बाईंनी विचारलं होतं.

"देव गेला. उंबरा हाय ना जागेवर."

बाईंनी बूट काढले. मोजे चिखलाने भरले. सोपानरावांनी समाधानाने मान हलवली.

दुसरा सल्ला पाण्याचा. नक्षीवर पाणी मारलं की दगड काळा होतो आणि फोटोत कोरीवकाम उठून दिसतं. हौशी लोकांना ही युक्ती माहीत असे. एका तरुणाने बाटली उघडून द्वारपालाच्या तोंडावर पाणी उडवलं, तेव्हा सोपानरावांनी ती त्याच्या हातून काढून घेतली.

"सालभर पाण्यातच हाय ना तो? चार दिस कोरडा ऱ्हाऊ द्या की त्याला."

आणि देवळापुढे कोणी कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं, तर त्यांचा आवाज चढे. "बाजूला व्हा. थोबाड घरच्या आरशात बघा. पुण्यात आरसं मिळत न्हाईत का?"

लोक रागावत. पण पुढच्या उन्हाळ्यात तेच लोक मित्रांना घेऊन येत. अपमान करून घेण्यासाठी इतक्या लांब येणारी माणसं मी राजकारणाबाहेर फक्त इथेच पाहिली.

एकदा एक निवृत्त अधिकारी आले. गळ्यात दोन कॅमेरे, डोक्यावर गोल टोपी. स्टुडिओच्या काचेसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि आत येऊन त्यांनी सोपानरावांचा हात हातात घेतला.

"क्या बात है! देऊळ कडेला, बाकी अवकाश. ती पोकळी बोलते हो. विनाशाचं प्रतीकच! ही दृष्टी कुठे शिकलात?"

"कसली पोकळी?"

"ही. उजवीकडची. इथे काहीच नाही, आणि ते काहीच नसणं..."

"साहेब," सोपानराव हात सोडवून घेत म्हणाले, "चष्म्याचा नंबर काढून या. मग दृष्टीचं बोलू."

साहेब मोठ्याने हसले. कलावंत विक्षिप्तच असतात, असं ते मला जिन्यात सांगत होते.

त्यांना न दिसलेली गोष्ट मलाही बरेच दिवस दिसली नव्हती. एका दुपारी काचेमागच्या फोटोंची धूळ पुसताना सोपानरावांनीच दाखवली, तीही चिडून. प्रत्येक फोटोत उजव्या टोकाला, चिखलात, एक गडद चौकोन होता. त्या चौकोनावर काडीच्या गुलाएवढा ठिपका.

"म्हातारी," ते म्हणाले. "अन् ते आमचं घर."

घर म्हणजे जोतं. पाणी उतरून ते उघडं पडलं की त्यांची आई ठकूबाई वरच्या गावठाणातून शेणाची पाटी डोक्यावर घेऊन खाली उतरे. चूल होती ती जागा, पडवी, माजघर, सगळं हाताने सारवी. वाळलं की उंबऱ्याशी रांगोळीची दोन बोटं ओढून तिथेच बसून राही. उन्हं कलली की वर येई. पाऊस लागला की पाणी चढे आणि सारवण धुऊन जाई. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाटी.

"येडी हाय," सोपानराव म्हणाले. "सगळं गाव हसतं. म्हणतं, सोपानची आई धरणाला सारवती."

"तुम्ही सांगत नाही काही?"

"सांगून बघितलं. म्हणती, कुणी आलं-गेलं तर घर पारोसं दिसाया नको." काच पुसण्याचं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. "आता येणारं कोण? तुमचं ते कॅमेरेवालं. ते देऊळ बघत्यात अन् जात्यात. मान वळवून उजवीकडं बघितलेला एक बी मानूस मला घावला न्हाई."

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आमच्या रविवार पुरवणीला सुट्टीचा मजकूर हवा होता. प्राचीन मंदिरांच्या अवशेषांचे फोटो कसे काढावेत, दहा टिपा आणि एक मोठं छायाचित्र. मी सोपानरावांचं नाव सुचवलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो.

"ऊन डोक्यावर आलं की दगड मरतो," ते म्हणाले. छापून आलं: सकाळच्या व सायंकाळच्या तिरप्या प्रकाशात शिल्पांचा उठाव अधिक जाणवतो.

"ज्याचं गाव हाय त्याला आधी रामराम घाला." छापून आलं: स्थानिकांचे सहकार्य घ्यावे.

"उजवीकडं बघा." हे छापून आलं नाही.

त्यांची अट एकच होती. फोटो कापायचा नाही. तो प्रिंट त्यांनी स्वतः निवडला होता. मागच्या मे महिन्यातला. डावीकडे देऊळ, उजवीकडे सारवलेला चौकोन, त्यावर वाकलेली ठकूबाई. तिचे गुडघे त्या हिवाळ्यात गेले होते. या वर्षी तिला खाली उतरता येणार नव्हतं. तिने हट्ट धरला होता, अन्न सोडलं होतं, आणि सोपानरावांनी तिला कबूल केलं होतं की घर आता पेपरातच येईल; सगळं पुणं बघेल; तू बस गुमान.

"म्हातारीला शब्द दिलाय, बातमीदार. ती रोज इचारती, आला का पेपर. उजवीकडं तुकडा गेला तर मला तोंड दावाया जागा न्हाई."

प्रिंटच्या पाठीवर मी लाल शाईने ठळक लिहिलं: कापू नये. खाली एका ओळीत कारणही लिहिलं. पाकीट सकाळच्या गाडीने गेलं.

रविवारी पुरवणी आली. देऊळ पानाच्या मधोमध होतं. उंच, घोटीव, एकटं. छायाचित्र म्हणून ते मूळच्यापेक्षा सरस दिसत होतं हे नमूद करायला हवं. फोटोच्या उजवीकडे, जिथे चिखल असायला हवा होता, तिथे उभी जाहिरात होती. जलाशयाकाठी बंगल्यासाठी प्लॉट, निसर्गाच्या कुशीत.

मी पुण्याला फोन लावला. पुरवणीचं काम बघणारा उपसंपादक सभ्य माणूस होता. "वाचलं रे मागचं," तो म्हणाला. "पण ऐन वेळी जाहिरात आली. आणि खरं सांगू, उजवीकडे काही नव्हतंच. नुसता चिखल."

घोडेगावात त्या दिवशी सोपानरावांचं कौतुक झालं. चहावाल्याने पान भिंतीला डकवलं. "भाऊ, आत्ता जमलं बघा तुमाला!" तो म्हणाला. "देऊळ कसं मधी आलंय! लई झ्याक!" शिंपी आला, किराणावाला आला. इतक्या वर्षांनी का होईना, गडी फोटो काढायला शिकला, यावर पेठेचं एकमत झालं.

सोपानराव सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होते. मी जिना उतरून आलो, उपसंपादकाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"नुसता चिखल," ते म्हणाले. "बरुबर हाय. त्यांची बी काय चूक?"

मग त्यांनी भर बाजाराच्या वेळी शटर अर्ध्यावर ओढलं आणि ते डार्करूममध्ये गेले. दोन नवरदेव पायरीवर ताटकळून परत गेले. सोपानराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना हायपोचा, प्रिंट पक्का करण्याच्या रसायनाचा, वास होता आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्याकडे न बघता ते गावठाणाच्या गाडीत बसले.

त्याच आठवड्यात टँकरच्या बातमीसाठी मला त्या गावठाणात जावं लागलं. बातमी नेहमीचीच होती. काम आटोपल्यावर असवल्यांच्या घरी डोकावलो. सोपानराव ओट्यावर बसून आईसाठी तंबाखू मळत होते. मला बघून त्यांनी कपाळाला आठी घातली, पण "या" म्हणाले आणि तंबाखू मळतच मला आत घेऊन गेले.

ठकूबाई आत, भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, गुडघ्यांना रुईची पानं बांधलेली. समोरच्या भिंतीवर आमच्या पुरवणीचं पान खळीने चिकटवलेलं होतं. जाहिरात कापून काढली होती. त्या जागी फोटोच्या चकचकीत कागदाची एक पट्टी होती. तिच्यावर चिखल, गडद चौकोन आणि वाकलेली ठकूबाई.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला फोटो कापू दिला नाही, त्याने स्वतः फोटोला कात्री लावली होती. छापील देवळाच्या मापाला माप येईपर्यंत त्याने किती प्रिंट काढून फेकले असतील, ते मी विचारलं नाही. मागची पाण्याची रेघ पेपरातून निघून फोटोत जात होती आणि सांध्यावर तसूभरही तुटत नव्हती.

"सोपाना, कोण रं आलंय?"

"पेपरवालं हायेत, आये."

म्हातारीने भिंतीचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तिने बसल्या जागीच हात जोडले.

"बाबा, तुमच्या सायबाला माझा रामराम सांगा. लई मोठ्या मनाचा मानूस." तिने बोट भिंतीकडे केलं. "बघा की. देवळाला साधा कागद घातला, अन् माज्या घराला असा गुळगुळीत. हात लावून बघा. ह्या सोपानाला म्हनलं, आरं, देवाला कमी अन् आपल्याला जास्ती, पाप लागंल. तर म्हनतो, त्यांनीच तसं ठरवलं."

मी सोपानरावांकडे पाहिलं. ते तंबाखूत चुना घालत होते आणि चुना केव्हाच पुरेसा झाला होता.

"सांगाल नव्हं सायबाला?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"सांगतो," मी म्हणालो.

"अन् म्हनावं, सारवलेलं बी दिसतंय."

सोपानरावांनी मळलेली तंबाखू आईच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटली, आणि माझ्याकडे न वळता म्हणाले, "बसा, बातमीदार. असं त्या भिंतीला पाठ लावून नगा बसू. हिकडं या. हितनं नीट दिसतं."