सासऱ्यांच्या चाकूचा कोन

माणूस आणि चाकू यांच्यात एक मूलभूत फरक आहे. आपण बोथट झालो आहोत हे चाकूला कळत नाही. माणसालाही कळत नाही, पण ते सांगणारी मंडळी माणसाच्या घरातच असतात. चाकूच्या बाबतीत ही जबाबदारी कोणीतरी उचलावी लागते, आणि प्रस्तुत प्रकरणात ती जावयाने उचलली. (त्याच्यावर ती कोणी सोपवल्याचा पुरावा उपलब्ध नाही.)

चाकू सासऱ्यांचा. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. चाकू घडीचा, लाकडी मुठीचा, आणि इतकी वर्षं एकाच खिशात राहिल्यामुळे मुठीला त्यांच्या मांडीचा बाक आलेला. या चाकूने त्यांनी आयुष्यभर पाकिटं उघडली, सुतळ्या तोडल्या, चष्म्याचे स्क्रू आवळले आणि रोज संध्याकाळी एक सफरचंद सोललं. सोलायची पद्धत ठरलेली. पातं देठापाशी टेकवायचं, अंगठा सालीवर ठेवायचा, आणि चाकू जागच्या जागी धरून सफरचंदच फिरवत राहायचं. साल तुटत नसे. लांबच लांब खाली लोंबत जाई, आणि संपली की ती लेकीची. लहानपणी लेक ती मनगटाला गुंडाळून गल्लीभर मिरवायची. आता ती एका कंपनीत पस्तीस माणसांची साहेब आहे. पण बाबा राहायला आले, की संध्याकाळी सहज आल्यासारखी सोफ्याच्या कडेला टेकते आणि भलतीकडेच बघत हात पुढे करते.

या खेपेला एका संध्याकाळी साल मधेच तुटली. सासरे हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "जरा बोथट झालाय वाटतं."

हे वाक्य त्यांनी सफरचंदाला उद्देशून उच्चारलं असण्याची दाट शक्यता आहे. पण समोर जावई बसला होता, आणि जावयाची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. लग्नाला सात वर्षं झाली. या काळात सासऱ्यांनी त्याच्याविषयी काढलेले उद्गार पुढीलप्रमाणे: 'बरं' (लग्न ठरलं तेव्हा), 'बरं' (बढती मिळाली तेव्हा) आणि 'असं होय' (त्याने गाडी मागे घेताना त्यांच्या दारातली कुंडी फोडली तेव्हा). 'छान' हा शब्द पोस्टमास्तरांना येतच नव्हता असं नाही. शेजारच्या मांजरीला तो एकदा मिळाला होता. जावयाला तोच शब्द हवा होता. दुसरं काही नको होतं.

"बाबा, द्या इकडे," तो म्हणाला. "रविवारी तुम्ही निघायच्या आत परत देतो. असा देतो, की बघत राहाल."

"राहू द्या हो जावईबापू. कापतोय की अजून."

"कापत नाहीये बाबा, दाबतोय. त्यात फरक आहे."

सासऱ्यांनी चाकू मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग त्याच्या हातावर ठेवत म्हणाले, "बरं."

"अरे, कोपऱ्यावर धारवाला बसतो," बायको आतून म्हणाली. "खाली जा आणि वर ये. कुकर होईपर्यंत होईल."

तिचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं. परंतु जावई आपल्या कार्यालयात 'कार्यपद्धती विभागा'त आहे. म्हणजे इतर विभाग जी कामं करतात, ती कशी करायला हवी होती हे तो नंतर लिहून देतो. जिना चढण्याबाबतचं त्याचं परिपत्रक ('कठडा उजव्या हाताने धरावा, डावखुऱ्यांसाठी परिशिष्ट ब पाहावे') आजही आदर्श मानलं जातं. ते निघाल्यापासून कार्यालयात जिन्यावरून कोणी पडलेलं नाही. (सगळे लिफ्टने जातात.) असा माणूस चाकू घेऊन कोपऱ्यावर जाईल आणि ठिणग्या उडत असताना बाजूला उभा राहील, ही अपेक्षाच गैर होती. ठिणगी म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे पोलादाचा अपमान, असं त्याला इंटरनेटवरच्या एका मंडळाकडून समजलं होतं.

या मंडळाविषयी आदराने लिहिलं पाहिजे. इथले सभासद एकमेकांचं नाव विचारत नाहीत, कोन विचारतात. धार किती अंशांत लावावी यावरून मंडळात दोन पंथ आहेत: सतरावाले आणि विसावाले. साडेअठरावरही एक गृहस्थ आहेत, त्यांच्याशी दोन्हीकडचे बोलत नाहीत. सगळ्यात ज्येष्ठ सभासदाला 'आरसा' म्हणतात, कारण त्याच्या पात्यात तोंड दिसतं. लग्न झाल्यापासून त्याने चाकूने काहीही कापलेलं नाही. कापलं की धार जाते, हे त्याचं मत मंडळात सिद्धांत म्हणून मानलं जातं. मंडळाने घेतलेल्या पाहणीनुसार जगातले ब्याण्णव टक्के चाकू बोथट असून उरलेले आठ टक्के मंडळाकडे आहेत.

मंडळाच्या सल्ल्याने मार्गदर्शित धार-यंत्रणा मागवण्यात आली. चाकूचे भाग दोन: मूठ आणि पातं. यंत्रणेचे एकतीस. पातं एका शिकंज्यात आवळायचं, दगड एका सळईवर बसवायचा, सळई ठरलेल्या कोनात अडकवायची आणि पुढेमागे करत राहायची. हात थरथरला, मन भरकटलं, बायकोने हाक मारली, तरी कोन हलत नाही. थोडक्यात, धार लावण्याच्या कामातून माणूस वगळण्याची यात सोय आहे. माणसाने फक्त तिथे हजर राहायचं. कार्यपद्धती विभागाला यात नवीन काहीच नव्हतं.

कोन मोजायला एक छोटी डबी आली होती. ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, तर टेबलच पाव अंश कललेलं निघालं. एका पायाखाली पुठ्ठा दिला. मग फरशी कललेली निघाली. फरशी म्हणजे खालच्यांचं छत, म्हणून जावई खाली जाऊन विचारून आला.

"काकू, तुमचं छत कललंय का हो?"

"आम्ही वर बघतच नाही रे कधी," खालच्या काकू म्हणाल्या. "का? पडतंय का?"

पडत नव्हतं, पण त्या दिवसापासून काकू स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या.

जेवणाचं टेबल धार-कक्ष म्हणून घोषित झालं. कक्षाच्या हद्दीत शिंकणं, दार आपटणं आणि 'झालं का?' असं विचारणं याला मनाई होती. घरातली माणसं वॉशिंग मशीनवर ताटं ठेवून उभ्याने जेवू लागली. दगड कुठे लागतोय ते कळावं म्हणून धारेला रंग फासणं, दगडाने तो घालवणं, घालवला की पुन्हा फासणं, असं काम शिस्तीत चालू होतं. पात्याच्या एका बाजूने घासलं की पलीकडे पोलादाची केसाएवढी किनार उठते. ती काढायला त्या बाजूने घासलं की अलीकडे उठते. ही किनार शेवटी कुठे जाते, असा प्रश्न एका नवीन सभासदाने मंडळात विचारला होता. त्याला समज देण्यात आली.

संध्याकाळी सासरे सफरचंद घेऊन बसत. खिशाकडे हात जाई आणि रिकामा परत येई.

"बाबा, स्वयंपाकघरातला चाकू देऊ?" लेक विचारायची.

"नको गं. तो माझ्या हातातला नाही."

मग दोघंही गॅलरीत बसून आपापलं सफरचंद सालीसकट चावून खात. धार-कक्षातून हे दिसत होतं, पण जावयाचं लक्ष डबीच्या आकड्यावर होतं.

पुढे चाचण्या आल्या. पहिली चाचणी हातावरचे केस. डावा हात गुळगुळीत झाला, मग उजवा. मग जावयाने सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं आणि सासऱ्यांनी बाह्या खाली केल्या. दुसरी चाचणी वर्तमानपत्र. घरात कोणी उठायच्या आत त्याच्या पट्ट्या होत, आणि पोस्टमास्तर अग्रलेख पट्टी-पट्टीने जुळवून वाचत. (मजकुरात फारसा फरक पडत नसल्याचं त्यांचं निरीक्षण आहे.) पण मंडळाने कळवलं, की वर्तमानपत्र ही पोरांची चाचणी. खरी धार पातळ, गुळगुळीत, हातात धरताच वळणाऱ्या कागदावर कळते.

तसा कागद समोरच होता. टीव्हीखालच्या कप्प्यात, चष्म्याच्या घराखाली दाबलेला. जावयाने तो दोन बोटांत उंच धरला आणि पातं वरून सोडलं. आवाजसुद्धा झाला नाही. दोन तुकडे तरंगत खाली आले.

"बाबा, बघा! कड बघा कशी आलीय!"

"कड दिसतेय," सासरे वाकून म्हणाले. "तिकीट शोधतोय."

"अरे, तू बाबांचं परतीचं तिकीट कापलंस?" बायकोचा आवाज चढला.

"उभं," जावयाने स्पष्ट केलं.

तारीख एका तुकड्यावर होती आणि गाडीची वेळ दुसऱ्यावर. दोन्ही मिळून प्रवास करता येईल का, अशी चौकशी बस कंपनीकडे करण्यात आली, आणि पलीकडचा माणूस बराच वेळ हसला. नवं तिकीट मंगळवारचं मिळालं. सासरे 'असं होय' म्हणाले.

तरीही चाकू रविवारी संध्याकाळी दिला गेला. शब्द म्हणजे शब्द. घडी केलेल्या पांढऱ्या रुमालावर ठेवून जावई तो घेऊन आला. पात्यात सासऱ्यांना आपली मिशी दिसली. लेक येऊन सोफ्याच्या कडेला टेकली आणि खिडकीकडे बघू लागली. सासऱ्यांनी सफरचंद घेतलं, पातं देठापाशी टेकवलं, अंगठा सालीवर ठेवला.

सफरचंदाला काही कळायच्या आत त्याचे दोन भाग झाले होते.

"चालतो हो," सासरे म्हणाले आणि दुसरं सफरचंद घेतलं. या खेपेला साल निघाली, पण नाण्यांएवढ्या चकत्यांनी, गरासकट. वर्षानुवर्षं त्यांचा अंगठा पात्याला मागे रेटत आला होता, आणि पातं त्याला जुमानत आलं होतं. आता जुमानायला तिथे कोणी नव्हतं. तिसऱ्या वेळी पातं सालीतून गेलं, गरातून गेलं आणि अंगठ्यात थांबलं.

"बाबा!" लेक उठली. कापूस आला, पट्टी आली, हात वर धरायला लावलं.

सासऱ्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. बशीतल्या चकत्यांकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. तो अजून रुमाल दोन्ही हातांत धरून उभा होता.

"छान," ते म्हणाले.

सात वर्षांनी आलेला हा शब्द जावयाने ऐकला. तो मांजरीला मिळाला होता तसाच होता, एका अक्षराचाही फरक नव्हता. तरीही त्या रात्री जेवण त्याला गेलं नाही.

सोमवारी सकाळी त्याला गॅलरीतून खर्र खर्र असा आवाज आला. पडद्याआडून त्याने पाहिलं. सासरे स्टुलावर बसले होते. समोर तीच कुंडी, जिचा काठ त्याने गाडीने फोडला होता आणि भरपाई म्हणून नवी देऊन जिला तो स्वतःच्या गॅलरीत घेऊन आला होता. तिच्या फुटक्या काठावर पोस्टमास्तर चाकूची धार घासत होते.

लेक चहाचा कप घेऊन शेजारी उभी होती. "बाबा, अहो, हे काय? त्याने जिवाचं रान केलंय त्यावर."

"हळू बोल. उठतील ते." खर्र. "काही नाही गं. जरा ओळखीचा करून घेतोय."

"आणि त्याला कळलं तर?"

"कसं कळेल? ते काही कापायला जाणार नाहीत त्याने."

जावई पडद्यामागे उभा राहिला. मग, सवयीने, त्याच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचा हात प्रत्येक वेळी त्याच कोनात येतोय. हात आपोआप खिशातल्या डबीकडे गेला. डबी बाहेर निघाली, क्षणभर तशीच राहिली, आणि परत आत गेली. तो पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेला आणि आधण ठेवताना भांडी गरजेपेक्षा जास्त आपटली, म्हणजे गॅलरीतल्यांना आवरायला वेळ मिळावा.

मंगळवारी गाडीच्या आधी सासऱ्यांनी एक सफरचंद घेतलं. पट्टी बांधलेला अंगठा सालीवर ठेवला. साल निघाली, लोंबली, वळत वळत गुडघ्यापर्यंत आली आणि तुटली नाही. लेकीने भलतीकडे बघत हात पुढे केला. साल मनगटाला गुंडाळूनच ती बाबांना गाडीवर सोडायला निघाली.

"काय धार लावलीत हो जावईबापू," सासरे दारात चपला घालता घालता म्हणाले. "छान टिकलीय."

"बरं," जावई म्हणाला, आणि त्यांची पिशवी उचलून पुढे झाला.

त्या संध्याकाळी घरातली माणसं जेवणाच्या टेबलावर जेवली. काम फत्ते झाल्याचं जावयाने मंडळाला कळवलं होतं, आणि उलट टपाली सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: अखेरचा कोन किती? आरशाने तर दोनदा विचारला. जावयाने उत्तर दिलं नाही. नियमानुसार त्याचं सभासदत्व रद्द झालं.

आपल्यापैकी ज्यांना या हकिगतीत साल, अंगठा आणि लेकीचा हात एवढंच दिसलं, त्यांनी निर्धास्तपणे आपल्या कामाला लागावं. पण सतरा की वीस, शेवटी ठेवला तरी किती, हे या माणसाने अजून सांगितलंच नाही, अशी चुटपुट ज्यांना मघापासून लागून राहिली आहे, त्यांनी अर्ज करावा. मंडळात एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे.